पायरीवरची राणी

चित्राला मधे बोट नका हो लावू — कडेला धरा, दोन्ही हातांनी, काठोकाठ भरलेलं ताट धरतात तसं. हां, असं. कोळशाचं काम आहे, इतकी वर्षं झाली तरी हाताला लागतं. आणि तो कप खिडकीत ठेवा — नाही, आधी संपवा, गार झाला की तो चहा राहत नाही, औषध होतं. तुम्ही पुस्तकं छापणाऱ्यांकडून आलात म्हणजे कागदाची सवय असणारच म्हणा, पण तुमचा कागद छापून झालेला, मुकाट पडून राहणारा. हा तसा नाही. काय म्हणालात मघाशी? मुखपृष्ठ. ऐकलं हो मी, कान शाबूत आहेत अजून — ह्यांच्या चित्रांच्या पुस्तकाला मुखपृष्ठावर राणी घ्यायचीय. त्याचं बोलू. आधी बाकीची तर बघा. एवढे जिने चढून आलात, गठ्ठा सोडलाय, तर सगळा बघून जा, नाहीतर मला परत बांधायची मेहनत फुकट.

आमचे हे नट नव्हते, ते आधी सांगते, लोकांचा घोटाळा होतो. चार माणसांत बोलायला उभं केलं तर स्वतःचं नाव विसरतील असा माणूस. पण सगळा जन्म नाट्यगृहात. नाटक कंपनीची ती जुनी नाटकं लागायची ना, तीच ती, लोकांना तोंडपाठ असलेली — न्यायाधीश सख्ख्या भावाला शिक्षा सुनावतो ते, जुळ्या बहिणींचं, कंजूष म्हाताऱ्याचं, राणी पायरीवर बसून राहते ते — त्यातले प्रवेश हे कागदावर काढायचे. बाहेर दालनात टांगायला, जाहिरातीत छापायला. विंगेत एक उलटा खोका होता, त्यावर बसायचे. मांडीवर फळी, फळीवर कागद, आणि भोवती अंधार. कागदाकडे बघायचंच नाही, हात आपला चालतोय. आणि गंमत सांगू? विंगेतून चेहरा दिसतच नाही. कान दिसतो, मान दिसते, हात दिसतो, झग्याची घडीन् घडी दिसते — चेहरा असतो तिकीट काढून समोर बसलेल्यांसाठी. आणि दिसला तरी काय, वर बोटभर रंग थापलेला. हे म्हणायचे, रंगाखाली चेहरा गुदमरतो, मला काढायला काही उरत नाही. मग घरी काय यायचं? अंगं. नुसती अंगं. राजा असा हात वर करून उभा, झगा जिथल्या तिथे, आणि मानेवर एक कोरं अंडं. अशी अंडी स्वयंपाकघरात भिंतीला ओळीनं टेकून ठेवलेली असायची, आणि मी त्यांच्यासमोर भांडी घासायचे.

मग चेहरे कुठून आले म्हणता? थांबा. हा बघा न्यायाधीश. ह्याची दाढी झाका — तळहात वर धरा नुसता, टेकवू नका. कोण आहे? — नीट बघा. — आता हा कंजूष, ह्याच्या मिशा झाका. हा द्वारपाल. ह्या जुळ्या बहिणी, दोघीही. हा सेनापती, ह्याचं नाक जरा वाढवलंय, पण डोळे बघा. — हसा, हसा, हसण्यासारखंच आहे. सगळी मीच. एवढं मोठं राज्य, आणि राजापासून चोरापर्यंत सगळे माझ्या तोंडाचे.

दुपारची जेवणं आटोपली की हे पडदे ओढायचे. दिवा खाली, जमिनीवर — रंगमंचावर उजेड खालून येतो ना, म्हणून. माझ्या खांद्यावर चादर, डोक्यावर पितळी चाळण, तो मुकुट, हातात लाटणं, ती तलवार. आणि नाटकाची गोष्ट मात्र सांगायची नाही. बिलकूल नाही. गोष्ट सांगितली की तू गोष्टीचा चेहरा करतेस, म्हणायचे. एवढंच सांगायचे — तुझ्या हातात पत्र आहे, तू ते उघडलंस, वाचू नकोस अजून. झालं! आणि मी करायचे. कुठून यायचं कोण जाणे, पण यायचं, नळ सोडल्यासारखं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात ना? मला तेही यायचं. त्या कंजुषाच्या नाटकातला सावकार मीच आहे, कसा तृप्त बसलाय बघा, आणि त्या दिवसांत ह्यांचा बूट पुढून उघडलेला, अंगठा बाहेर येऊन सगळ्यांची चौकशी करायचा.

आणि पुढचं ऐका. कंपनीची मुख्य नटी होती, मोठ्या बाई म्हणायचे तिला सगळे. ती दालनात येऊन चित्रासमोर उभी राहायची, बराच वेळ, पाठीमागे हात बांधून. आणि पुढच्या प्रयोगाला रंगमंचावर तोच चेहरा! म्हणजे माझा. हे घरी येऊन सांगायचे, आज मोठ्या बाईंनी तुझा चेहरा केला, लोक ढसाढसा रडले. मी म्हणायचे, रडू देत, माझं दूध उतू गेलं त्याचं काय? एकदाच गेले मी बघायला. एकदाच हो, घर टाकून जायचं म्हणजे — आणि बसले तर सगळा वेळ माझं लक्ष एकाच गोष्टीकडे, हिची हनुवटी वर आहे. खाली घे बाई, हनुवटी खाली घे. शेजारचा माणूस माझ्याकडे वळून शूऽऽ करायला लागला, म्हणजे मी मोठ्यानंच म्हणाले असणार.

दिवा? दिवा कोण धरायचं ते राहिलंच. दिवा मुलगी धरायची. आमची. — नाही, तुम्हाला माहीत असायचं कारण नाही, ह्यांच्याबद्दल जे काय लिहून आलंय त्यात ती नाही. एकच होती. पालथी पडून, दोन्ही कोपरं जमिनीला टेकून दिवा धरायची, आणि समोरचे दात पडलेले, त्या खिंडीतून फुस्स फुस्स हसायची. मी इकडे भावाला शिक्षा सुनावतेय आणि खालून हे फुस्स! ह्यांना राग म्हणून कधी आला नाही. दिवा हलला की राज्य बुडतं बरं का, एवढंच म्हणायचे तिला. मग ती श्वास धरून बसायची. किती वेळ बसणार? राज्य बुडायचंच. असती तर आता तुमच्याएवढी — तुझ्याएवढी असती. तू म्हटलं तर चालेल ना? तोंडात येतंय मघापासून, आवरतेय.

ही घे. ही पहिली राणी. हिला ओळखतेस तू, हिला सगळेच ओळखतात, कंपनीच्या प्रत्येक कागदावर हीच असायची. प्रवेश असा आहे — राणीचा मुलगा लढाईवर गेलेला असतो, आणि निरोप येतो की त्याला घेऊन येतायत. चालत नाही, घेऊन. सगळा वाडा धावत सुटतो वेशीकडे, दासीसुद्धा, म्हातारा द्वारपालसुद्धा. राणी जात नाही. ती आपली पायरीवर बसते, कारण ती गेली नाही तोवर तो आलेला नाही. एक शब्द नाही तिला त्या प्रवेशात. नुसती बसते, आणि पडदा पडतो. हे मला तेव्हा कुठं माहीत? ह्यांनी मला एवढंच सांगितलं होतं — तू पायरीवर बसलीयेस आणि तुला उठायचं नाहीये. तर हा चेहरा आला. तो ओठ बघ. खालचा, आत ओढलेला. लोकांनी काय काय लिहिलं त्या ओठावर! आई दुःख गिळतेय म्हणे. दुःख कसलं, डोंबल! पोरगी माझ्या पायाच्या अंगठ्याला गुदगुल्या करत होती. एका हातात दिवा, दुसऱ्या हातानं गुदगुल्या, आणि वर माझ्याकडे बघतेय मी कधी फुटते ते. हसू गिळलंय ते. सगळ्या गावानं ज्याच्यावर रुमाल ओले केले ते माझं हसू आहे.

बघ, बघ परत तो ओठ. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आज कशी जीभ सैल सुटलीय काय माहीत. तुझा चहा झाला, माझ्या गप्पा सुरू.

आणि ही दुसरी. ही तुझी, मुखपृष्ठाची. तोच प्रवेश, तीच पायरी, बऱ्याच वर्षांनी काढलेली. तू म्हणालीस ते खरंय, हिचं अंग पहिलीपेक्षा सरस उतरलंय. हात बघ ना, पायरीची कड कशी धरलीय, बोटांची पेरं पांढरी दिसतात, कोळशात पांढरं दिसतं म्हणजे काय खाऊ आहे? तर तुमचं म्हणणं काय, अंग हिचं घ्यायचं आणि चेहरा पहिलीचा. हिचा कोराच राहून गेलाय, पहिलीचा आयता आहे, माणूसही एकच, हातही एकच — मशीनवर जोडून टाकू, शिवण दिसायची नाही. वाईट नाही तुमचं डोकं. मी रागावले नाही ग, अशी काय अंग चोरून बसलीस? तुला कसं कळावं? चित्र बघून जे वाटतं तेच तू बोललीस.

ताप आला पोरीला. ताप आला आणि गेली. ह्यात सांगण्यासारखं काही नाही, लोकांची मुलं जातात. दवाखान्यात खिडकीशी खाट होती, बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता, हे एवढं लख्ख आठवतं, बाकी सगळं पुसट. डॉक्टरांनी नुसती चादर नीट केली, तेव्हा कळलं. आणि मग चेहरा आला. आपोआप, मी काही केलं नाही. ओठ आत ओढला गेला, कपाळ असं — आणि मी तो ओळखला. अगदी आतून ओळखला. पायरीवरचा! आणि माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली, सांगू? हनुवटी वर आहे. माझी मुलगी त्या खाटेवर, आणि मनात काय, तर हनुवटी खाली घे, उजेड खालून हवा. मग मी ह्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते. डोळ्यांतून घळाघळा पाणी, नाक लाल झालेलं, माणूस पार कोसळलेला, आणि हे बोट, उजव्या हाताचं, मांडीवर चाललं होतं. असं. कपाळापासून खाली, गाल, मग ओठ.

नाही, नाही, तसा विचार करू नकोस त्यांच्याबद्दल. त्यांना पत्ताच नव्हता. ती सवय होती, जेवताना ताटाच्या कडेवर, झोपेत पांघरुणावर, बोट चालायचंच. एखादा पाय हलवतो, एखादी पदर चाळवते, तसं. माझं त्यांच्याशी भांडण नव्हतंच कधी. फक्त मी तो चेहरा सोडून दिला. तिथल्या तिथे. विहिरीवर हातातली दोरी सोडतात तसा सोडला, आणि बादली गेली तळाला. मग ती परत काही वर आली नाही.

नणंद म्हणाली, हिला रडवा, नाहीतर डोक्यावर परिणाम होईल. एकीनं पाठीत धपाटा घातला, चांगला जोरात. एकीनं पोरीचा फ्रॉक आणून माझ्या मांडीवर ठेवला. मी घडी घालून कपाटात ठेवला, काय करणार? शेजारीण जिन्यात कुजबुजली, नाटकवाल्यांच्या घरची, हिला कसलं काय. आणि गंमत बघ, रडले असते तर तीच म्हणाली असती, नाटक करतेय. इकडे आड, तिकडे विहीर. मी आपली भांडी घासत राहिले.

मग कंपनीनं राणीचं नाटक पुन्हा काढलं. नव्या संचात, नवे पडदे, तर चित्रही नवं हवं. हे अंग काढून घेऊन आले आणि भिंतीला टेकवून ठेवलं. रोज बघायचे आणि मला काही म्हणायचे नाहीत. मी लादी पुसताना ते चित्र उचलायचे आणि पुन्हा तिथंच ठेवायचे. कंपनीचा माणूस तगादा लावायला लागला. शेवटी मीच म्हणाले, उरकून टाका. पडदे मीच ओढले. चादर घेतली. दिवा उलट्या पातेल्यावर ठेवला, आता धरणार कोण? पहिल्यांदाच तो दिवा हलला नाही. एवढासुद्धा नाही. बसले मी समोर. तुझ्या हातात पत्र आहे, तू पायरीवर आहेस, असलं काही म्हणाले नाहीत ते. काय म्हणणार? मी बसले आणि ते बघत राहिले. मला वाटत होतं, आता येईल. त्यांच्यासाठी तरी येईल, बिचारे वाट बघतायत. मी ओठ आत ओढूनसुद्धा बघितला — लक्षात आलं त्यांच्या, मान हलवली त्यांनी, नको म्हणून. पडद्याच्या फटीतलं ऊन भिंतीवर चढत चढत छताला लागलं. त्यांचं बोट मांडीवर तसंच पडलेलं. त्या दिवशी हललं नाही ते. काहीच नव्हतं ग काढण्यासारखं. मग त्यांनी कोळसा उचलला, वाकले, आणि —

इकडे ये. वाक जरा. झग्याचं टोक आहे ना, पायरीच्या खाली, तिथं. काय आहे? — सही. बरोबर. आता तो तळाचा गठ्ठा काढ, त्यात अंडी राहिलेली बरीच आहेत, नाटक बंद पडलं, कंपनीचा बेत बदलला, म्हणून अर्धी राहिलेली. बघ एकेक. आहे सही कुठे? — आहे? नाहीच सापडायची. चेहरा झाल्याशिवाय सही करायचे नाहीत ते, दारात कंपनीचा मालक उभा राहिला तरी. एवढं एकच हट्टाचं होतं त्यांचं, बाकी माणूस मेणाहून मऊ.

तेव्हा हिचा चेहरा राहून गेलेला नाही, बाई. झालाय तो. जो होता तो काढलाय.

कंपनीनं घेतलं नाही ते. कसं घेणार? त्यानंतर मला त्यांनी कधी बसवलं नाही, आणि मीही विचारलं नाही. हात काढायचे, पायातले जोडे काढायचे, पडद्यांच्या दोऱ्या. संसार नीट झाला, लोकांना वाटतं तसं काही नाही, एकमेकांना टाकून बोललो नाही कधी. ते गेले तेव्हाही मी जवळच होते. मी त्यांच्या बोटाकडे बघत होते. ते थांबलं तेव्हा मला कळलं, आणि मग मी उठून खिडकी लावली, गार वारं येत होतं. रडले नाही. तू विचारायच्या आधीच सांगते, वाईट वाटलं होतं, खूप वाटलं होतं. ते चेहऱ्यापर्यंत येत नाही, एवढंच. मधे कुठेतरी वाट मोडलीय.

तर मुखपृष्ठ. तुमच्या साहेबांना सांग, पहिलीचा चेहरा काढून दुसरीवर लावायचा नाही. ते हसू तिचं आहे. तिनं गुदगुल्या करून काढलेलं. ते त्या पायरीवर नेऊन बसवायचं नाही, मला ते सहन व्हायचं नाही — हो, मला. मलाही काही गोष्टी सहन होत नाहीत. दुसरी छापायची तर कोरी छापा, सहीसकट. लोक म्हणतील छपाईत चुकलं, तर म्हणू देत. नाहीतर छापूच नका. पुस्तकाशिवाय इतकी वर्षं गेली, पुढेही जातील.

हे काय आता? — अगं, मागे हो, मागे हो, कागदावर पडेल, कोळसा आहे तो! पाणी लागलं की गेलंच. घे, हा पदर — नाही, रुमाल आहे का तुझ्याकडे? पूस. एवढं काय झालं, तुझी ना ओळख ना पाळख. रडायचं नाही असं. थांब, जरा थांब — तशीच राहा. खिडकीकडे. हनुवटी थोडी खाली —

नाही. काही नाही. काही म्हटलं नाही मी.

पुसा डोळे. बघताय काय माझ्या हाताकडे? चाललंय आपलं ते बोट टेबलावर, मला तरी कुठं माहीत होतं. कधीपासून चाललंय? — राहू दे, नका सांगू. उठा तुम्ही. कप राहू दे तिथंच, मी विसळते. चित्रंही मीच बांधते. जिन्यात कठडा धरून उतरा, आणि जा.